दारातून परत पाठवलेली भाकर

फेब्रुवारी सरत आला की माझ्या गिरणीत मिरची येऊ लागते आणि चर्चमध्ये वेदीवर जांभळा कपडा चढतो. दोन्ही साधारण एकाच आठवड्यात. ऊन तापायच्या आत पांढरकवड्याच्या बायका वर्षाचं तिखट करून ठेवतात. देठ काढलेली कडकडीत मिरची पिशव्या भरभरून येते, कांडपयंत्राचे डंके धाडधाड पडायला लागतात आणि हायवेवर चहाला थांबलेला ट्रकवालासुद्धा शिंकतो. त्याच दिवसांत राखेचा बुधवार येतो. मागल्या वर्षीच्या शिंदीच्या झावळ्या जाळून केलेली राख फादर आमच्या कपाळाला लावतात. तिथून ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस आम्हा कॅथलिकांचा उपवासकाळ. झरी जामणीच्या रस्त्याला पळस फुललेला असतो. पुढे मोहफुलं गळायला लागली की वाऱ्यालाही गोडसर, आंबूस वास येतो.

पूर्वी मला हा मोसम आवडायचा. कामाचा मोसम आहे, आणि काम असलं की मी बरी असते. आता राख लागली की तो मला नकोसा वाटतो. चार वर्षांपूर्वीच्या उपवासकाळात मी एक गोष्ट केली. पापनिवेदनात फादरना ती सांगून झाली आहे, क्षमाही मिळाली आहे. तरी ती संपत नाही, म्हणून लिहून पाहते.

आमच्या भागात कॅथलिक मूठभर. शेजारपाजारी सगळे हिंदू. त्यांच्यात राहणं कधी अवघड गेलं नाही. फक्त कोणी विचारलं, 'रोझाबाई, तुमच्यात नेमकं काय असतं?' की मला नीट सांगता यायचं नाही. रविवारी चर्चमध्ये मिस्सेची उपासना, घरी माळेची प्रार्थना, नाताळ, ईस्टर. एवढंच यायचं. मग आजाराची ती साथ आली. चर्चला कुलूप लागलं. माझे यजमान सायमन नऊ दिवस ऑक्सिजनवर होते. त्या नऊ दिवसांत मी देवाला काय काय कबूल केलं ते मलाच आठवत नाही. सायमन घरी आले, पण माझी भीती दवाखान्यातून घरी आली नाही की गेलीही नाही, ती मध्येच कुठे तरी अडकून राहिली. देवानं दिलं ते तो परतही घेऊ शकतो, हे मी पाहिलं होतं. काही तरी घट्ट धरायला हवं होतं.

ते मला फोनवर सापडलं. दूरच्या शहरातले एक गृहस्थ रोज संध्याकाळी बोलायचे. आवाज शांत, प्रत्येक गोष्टीला नियम तयार. त्यांचं म्हणणं असं, की चर्च साठ वर्षांपूर्वी सैल पडलं आणि तिथून सगळं बिघडलं. मिस्सा लॅटिनमध्येच हवी. बायकांचं डोकं झाकलेलंच हवं. मिस्सेत येशूचं शरीर म्हणून मिळते ती पातळ पापडीसारखी पवित्र भाकर हातावर घ्यायची नाही, गुडघे टेकून जिभेवरच घ्यायची. आणि ती द्यायची फक्त फादरनं, कारण बाकी कोणाचे हात अभिषेक झालेले नसतात. मी गिरणीवाली बाई आहे. माप, वजन, जाळी नंबर एक की दोन, हे मला कळतं. इतकी वर्षं मी देवाकडे अंदाजपंचे जात होते, आणि इथे कोणी तरी मला काटा आणून दिला होता.

खोटं कशाला बोलू, त्यात सुख होतं. लॅटिन प्रार्थना मी देवनागरीत उतरवून घेतल्या, वहीच्या कागदावर, आणि पट्टा फिरत असताना पाठ केल्या. अर्थ कळत नव्हता. तोंडात मात्र जड, जुन्या भांड्यासारखे ते शब्द वाजायचे. जुनं वाईट असतं असं मला आजही वाटत नाही. मी त्याचं काय केलं ते वाईट होतं.

मायला मात्र हे सगळं गमतीचं वाटायचं. माय म्हणजे माझी आई. जंगलाकडच्या मिशनच्या वसतिगृहात तिनं पस्तीस वर्षं स्वयंपाक केला. पडून खुब्याचं हाड मोडलं तेव्हा मी तिला माझ्याकडे आणलं. ऐंशीला टेकलेली होती. म्हणजे लॅटिन मिस्सा तिनं पोरवयात खरोखर पाहिलेली. मी मोठ्या आशेनं तिला विचारलं, "माय, तवाची मिस्सा कशी होती व?"

"कशी राहीन? फादर तिकडं तोंड करून उभा राहे. आम्ही मागून त्याच्या चपला पाह्यत राहो. एका फादरची टाच फाटेल होती."

"आणि प्रार्थना?"

"तो त्याची करे, आम्ही आमची माळ जपो. लेकरं झोपून जात." मग थोडं थांबून म्हणाली, "पहिल्यांदा मराठीत झाली नं मिस्सा, तवा मी घाबरली. म्हटलं, बाप्पा, हा तर माह्याशीच बोलून राह्यला."

मला ते आवडलं नाही. साक्षीदार उलटला असं वाटलं.

मिरचीच्या दिवसांत माझ्या नियमांना खरी धार चढली. मिस्सेआधी तासभर काही खायचं नाही, एवढीच आता चर्चची अट आहे. त्या गृहस्थांच्या फोनवरच्या गटात मी शिरले होते, तिथे मात्र जुना नियम पाळायचे, मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही नाही. ते मी सुरू केलं. मग शनिवारी गिरणी चालवताना मनात आलं, हे जे पीठ उडतं, नाकातोंडात जातं, ते मध्यरात्रीनंतर घशातून खाली उतरलं तर उपास मोडतो का? गटात विचारलं. उत्तर आलं, श्वासातून गेलं तर मोडत नाही, जिभेवर आलेलं गिळलं तर मोडतो. आता पीठ श्वासातून गेलं की जिभेवरून, हे कसं ठरवायचं? मी तोंडाला दोन ओढण्या बांधल्या. दर दहा मिनिटांनी बाहेर जाऊन थुंकू लागले. शेवटी शनिवारी दुपारीच गिरणी बंद करायला लागले, भर मोसमात.

"काहून बंद व रोझाबाई?" समोरच्या शांताबाई पाच किलो मिरची घेऊन दारात उभ्या. "कोणी मेलं का?"

"उपवास आहे आमचा."

"उपास तुमचा, अन् उपाशी माहं कुकर! तिखट संपलं नं माय घरातलं."

सायमन जेवताना म्हणाले, "श्वास पण घेऊ नको तू. पक्का उपास होईन." मी रागानं ताट सरकवलं. ते हसत नव्हते, हे मला आता आठवतं.

इतकं करूनही रविवारी रांगेत उभी राहिले की शंका यायची. सकाळी चूळ भरताना पाणी गेलं का? शांताबाईंवर मनात चिडले ते पाप धरायचं का? मी रांगेतून बाहेर पडायचे. देवाजवळ जायला मी जितकी तयारी करू लागले, तितका माझा नंबर लांबत गेला. बाकावर बसून मग मी इतरांचे हात पाहायचे. कोण हातावर घेतं, कोण लगेच चावतं, कोणाचं डोकं उघडं. एका कोलाम आदिवासी बाईनं भाकर हातावर घेतली, बोटं कापसाच्या बोंडांनी चिरलेली, काळी. मिस्सेनंतर मी तिला अंगणात गाठून समजावलं. ती हसून हो हो म्हणाली आणि पुढच्या रविवारपासून आलीच नाही. तिचं नावही मी विचारलं नव्हतं.

घरात मी मूर्तींवर आणि क्रूसावर जांभळे कपडे शिवून घातले. जुनी चाल आहे, शेवटच्या दोन आठवड्यांची. मी पहिल्या आठवड्यापासूनच घातले, जास्त पक्कं म्हणून. माय खाटेवरून भिंतीवरच्या क्रूसाकडे पाहत राहिली.

"त्याले काहून झाकलं?"

"उपवासकाळ आहे, माय."

"गरमी होते नं त्याले."

तिचं आठवणं तेव्हा नुकतंच विरायला लागलं होतं. सकाळ की संध्याकाळ, चहा झाला की व्हायचा, यात घोळ व्हायचा. मला कधी माझ्या मावशीच्या नावानं हाक मारायची. एक गोष्ट मात्र तिला पक्की ठाऊक होती. शुक्रवारी मिशनच्या सिस्टर विमल येतात आणि 'येशूची भाकर' आणतात. ती पवित्र भाकरीला तेच म्हणायची. स्वयंपाकीण होती ती, भाकरीला दुसरं नाव देणं तिला पटायचं नाही. फादरकडे जंगलातली बारा गावं, ते मिस्सेपुरते यायचे. आजाऱ्यांना भाकर नेऊन देण्याची बिशपांची परवानगी सिस्टरांना होती, आणि त्या काळीपिवळी जीपमध्ये मागल्या सीटवर बसून, गळ्यातली भाकरीची छोटी डबी एका हातानं धरून यायच्या.

गटात मी हे सांगितलं तेव्हा त्या गृहस्थांनी स्वतः मला उत्तर लिहिलं. पहिल्यांदाच. अभिषेक न झालेल्या हातातून घेणं म्हणजे अपमान, आणि घरच्यांनी तो होऊ देणं हा त्याहून मोठा. वृद्ध मातेला फादरच्याच हातून मिळावं म्हणून थांबवलंत तर तुम्हाला पुण्य आहे. मी ते चार वेळा वाचलं. मी फादरना फोन केला, तुम्ही स्वतःच या म्हटलं. फादर तरुण आहेत, मला काकू म्हणतात.

"काकू, मी नाही म्हणत नाही. पण माझं काही खरं नसतं. रविवारी मिस्सेनंतर जमलं तर येतो. शुक्रवारी सिस्टर येतातच ना?"

"तुम्हीच या," मी म्हटलं.

तो शुक्रवार. माय पहाटेच उठून बसली. मला केस विंचरायला लावले, तेल लावून. धुतलेलं पांढरं लुगडं नेसली. भाकर घ्यायची म्हणून सकाळपासून पाणीही प्यायली नाही. तो तिचा स्वतःचा जुना नेम, मी शिकवलेला नव्हता. आजाऱ्याला त्यातून सूट आहे हे मला माहीत होतं. मी ते तिला सांगितलं नाही. उलट बरं वाटलं.

सिस्टर अकराला आल्या. ऊन कडक. मी ओट्यावरच उभी राहिले, दार मागे अर्धं लोटून.

"सिस्टर, आजपासून नको. फादर आले की त्यांच्याच हातून देऊ."

त्यांना आधी कळलंच नाही. "फादर आज झरीकडे आहेत, ताई."

"रविवारी येतील."

"आजी वाट पाहत असतील ना?"

"थांबेल ती. हात अभिषेकाचे पाहिजेत. राग नका मानू, तुमचे नाहीत."

त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. भाजलेल्याच्या खुणा असलेले हात, वसतिगृहाच्या चुलीचे. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मी भांडायच्या तयारीनंच उभी होते. त्या म्हणाल्या, "मी थोडा वेळ बसू का इथे?" आणि ओट्याच्या कडेला बसल्या, डबीवर हात ठेवून, डोळे मिटून. मी त्यांना पाणी विचारलं नाही. दहा मिनिटांनी उठल्या, पदरानं चेहरा पुसला आणि स्टँडकडे चालत गेल्या.

आत माय खाटेच्या कडेला तशीच बसलेली. जीभ थोडी बाहेर काढून, तयार.

"आली होती नं सिस्टर? आवाज आलता."

"गेल्या त्या. रविवारी फादर आणतील."

"काहून गेली?"

मी खाटेवरची चादर नीट करू लागले.

"तू काहून जाऊ देलं वं? मले आज पायजे होती."

"रविवारी, माय. दोनच दिवस."

"माह्या कुठं ध्यानात राह्यते रविवार?" ती म्हणाली. तक्रार नव्हती. ती आपली अडचण सांगत होती, जशी वसतिगृहात मीठ संपलं तर सांगायची. संध्याकाळपर्यंत तिनं जेवायला नकार दिला. कदाचित सिस्टर परत येईल म्हणून. दिवेलागणीला मी जबरदस्तीनं दोन घास भरवले, आणि खरं सांगते, त्या रात्री मला शांत झोप लागली. मी एक अवघड नियम पाळला होता.

रविवारी फादर मिस्सा संपवून थेट एका मयतीला गेले. बुधवारी येतो म्हणाले. मंगळवारी सकाळी माय चहाचा कप तोंडाशी नेताना एका बाजूला कलंडली.

ती वाचली. बोलणंही बरंचसं परत आलं. मी नाही परत आले तिच्यात, सायमन नाही, मिशन नाही, येशू नाही. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी फादर आले. मी डोकं झाकून, मेणबत्त्या लावून, गुडघे टेकून बाजूला. फादरनी भाकरीचा नखाएवढा तुकडा तिच्या जिभेवर ठेवला. अभिषेकाचे हात, सगळं नियमाप्रमाणे. तिनं तो तोंडात फिरवला आणि थुंकला.

"कागद हाय," ती म्हणाली.

तुकडा चादरीवर पडला. तेव्हा माझ्या डोक्यात काय आलं? पवित्र भाकर खाली पडली तर करायचं ते ओळीनं आलं. जागा झाकायची, पाण्यानं धुवायची, ते पाणी जिथे पाय पडत नाही अशा मातीत ओतायचं. मी एक पायरीही विसरले नव्हते. फादरनी शांतपणे तुकडा उचलून पाण्याच्या वाटीत टाकला आणि मायच्या तोंडाला लागलेली लाळ स्वतःच्या रुमालानं पुसली. मी चादरीकडे पाहत होते. मायच्या तोंडाकडे मी पाहिलंच नव्हतं. ते पुसायला हवं होतं, हे मला फादरचा रुमाल दिसला तेव्हा कळलं.

गट मी त्याच आठवड्यात सोडला. त्या गृहस्थांना जे झालं ते लिहिलं होतं. त्यांनी लिहिलं, देवाची इच्छा. आणि खाली थुंकलेल्या तुकड्याचं पुढे काय केलं, अशी विचारणा.

पण गट सोडून नियम जात नाहीत. पापनिवेदनाला गेले, सगळं सांगितलं. फादर म्हणाले, "काकू, तीन वेळा 'नमो मरिया' म्हणा." मी म्हटलं, एवढीशीच प्रार्थना? त्यांनी मान हलवली. मला ते कमी वाटलं. अजून वाटतं. क्षमा झाली असं मी मानत नाही, कारण माझ्या काट्यावर ती बसत नाही. आणि दुसरा काटा माझ्याकडे नाही. पाठ केलेल्या प्रार्थना म्हणते तर माझाच आवाज ऐकू येतो. साध्या मराठीत बोलायला जाते तर सुरुवात काय करायची ते सुचत नाही. चार वर्षं झाली, रांगेत उभी राहिलेली नाही. लोकांना वाटतं मायमुळे वेळ मिळत नसेल. सिस्टर विमलची बदली झाली. कुठे ते विचारून घेतलं आहे, नंबर फोनमध्ये आहे. लावलेला नाही. त्या माफ करतील, आणि मग मी त्याचं काय करू?

मायची मात्र माफी मागताच येत नाही. कितीदा मागितली. ती ऐकते आणि म्हणते, "असू द्या, बाई." मला ती बाई म्हणते. अहो-जाहो करते. कोणत्या गोष्टीची माफी हे तिला ठाऊक नाही, आणि ज्या बाईला दुखावलं ती तिच्यात उरलेली नाही.

या वर्षीही मिरची आली. भिवापुरी यंदा चांगली आहे, रंग धरते. शनिवारी गिरणी चालू असते. शांताबाई टोमणे मारायचं विसरल्या आहेत. शुक्रवारचा उपास मी करते. ते एकच हाताला राहिलं आहे, सोडलं तर काहीच उरणार नाही अशी भीती वाटते.

परवाच्या शुक्रवारी दुपारी मायला मऊ खिचडी भरवत होते. बाहेर ऊन, यंत्र बंद, घरात सायमनही नव्हते. सहा-सात घास गेले असतील. तिनं माझा हात धरून थांबवला.

"तुमी जेवल्या का, बाई?"

"नाही."

"काहून?"

"उपास आहे."

"कोनाचा?"

"येशूचा."

बऱ्याच दिवसांत हे नाव तिच्यासमोर घेतलं नव्हतं. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काही हललं नाही. ओळखीच्या घरातला कोणी दूरचा पाहुणा असावा, तसं तिनं ते नाव ऐकलं. मग घरातल्या बाईनं घरातल्या बाईला विचारावं तसं सरळ विचारलं,

"त्यानं सांगतलं का, उपाशी राह्य म्हणून? त्याले विचारलं होतं का तुमी?"

मी फोनवरच्या त्या गृहस्थांना विचारलं होतं. गटाला विचारलं होतं. श्वास की जीभ, हेसुद्धा विचारलं होतं. सिस्टरांना दारात उभं केलं तेव्हा, मायला दोन दिवस थांब म्हटलं तेव्हा, त्या कोलाम बाईला अंगणात गाठलं तेव्हा, ज्याच्या नावानं हे सगळं केलं त्याला मात्र एकदाही नाही.

"नाही विचारलं," मी म्हटलं.

"मंग विचारा नं," माय म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

मी उरलेल्या खिचडीची ताटली हातात घेऊन तिथेच बसले. विचारायला तोंड उघडलं. जिभेवर आलं ते पाठ केलेलं लॅटिनच.